रूळ तेच, सीमा निराळ्या

आल्प्स पर्वताच्या दक्षिण भागात युरोपातील तीन देश एकमेकांस येऊन भिडतात. उत्तरेस ऑस्ट्रिया, पश्चिमेस इटली आणि पूर्वेस स्लोव्हेनिया. ऑस्ट्रियाच्या बाजूस, डोंगरांच्या कुशीत, फिलाख नावाचे एक शहर आहे. पक्ष्याप्रमाणे सरळ उडत गेले तर तेथून समुद्र सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. परंतु मध्ये उंच पर्वतरांगा आडव्या उभ्या आहेत. त्या रांगांच्या पलीकडे, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, त्रिएस्ते हे जुने व गजबजलेले बंदर वसले आहे. ते आज इटलीत आहे.

समजा, फिलाख येथील एका शाळेतील मुलांनी ठरविले, की यंदाची सहल त्रिएस्तेस न्यावयाची. डोंगरात वाढलेल्या मुलांना समुद्राची ओढ असावी यात नवल ते काय! बाईंनी आनंदाने रुकार दिला. मात्र दोन अटी घातल्या. पहिली अट अशी, की मोटारीने किंवा जलद गाडीने न जाता प्रादेशिक गाड्यांनी, स्लोव्हेनियातील जुन्या डोंगरी लोहमार्गाने जावयाचे. दुसरी अट अशी, की प्रवासाची सगळी आखणी मुलांनीच करावयाची.

प्रादेशिक गाडी म्हणजे आपल्याकडील पॅसेंजर गाडीची बहीणच. ती लहानसहान स्थानकांवरही थांबते. तिच्यात जागा राखून ठेवावी लागत नाही. तिकीट काढावे आणि रिकाम्या बाकावर बसावे. शाळेत जाणारी मुले, कामावर निघालेले कारागीर, बाजारहाट करून परतणाऱ्या आजीबाई हे तिचे नेहमीचे उतारू. देश पाहावयाचा तर तो अशाच गाडीच्या खिडकीतून.

“आखणी ती काय करावयाची? गाडीत बसले की झाले!” असे एक मुलगा म्हणाला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मग कोणत्या गाडीत बसशील ते सांग पाहू.” मुलगा नकाशा घेऊन बसला, आणि त्याच्या लक्षात आले, की प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

पहिली अडचण आली ती गावांच्या नावांची. मुलांनी तीन पुस्तकांतून मार्गावरील गावांची यादी केली. एकाच्या यादीत ‘ग्योर्त्स’ असे नाव होते, दुसऱ्याच्या यादीत ‘गोरित्सा’ आणि तिसऱ्याच्या यादीत ‘गोरित्सिया’. कोणते गाव कोठे, यावरून वाद पेटला. अखेर उमगले, की ही तिन्ही नावे एकाच गावाची आहेत. जर्मन भाषेत त्याचे एक नाव, स्लोव्हेन भाषेत दुसरे आणि इटालियन भाषेत तिसरे. फिलाखलाच स्लोव्हेन लोक ‘बेल्याक’ म्हणतात आणि त्रिएस्तेला ‘त्रस्त’. जी नदी स्लोव्हेनियात ‘सोचा’ म्हणून उगम पावते, तीच इटलीत शिरताच ‘इझोन्झो’ होते. शिवाय गोरित्सियाच्या अगदी शेजारी ‘नोव्हा गोरित्सा’, म्हणजे नवी गोरित्सा, असे दुसरे गाव आहे. ते मात्र खरोखरच निराळे आहे. म्हणून सीमापार प्रवास करणाराने आपल्या कागदावर प्रत्येक स्थानकाचे नाव त्या त्या देशातील फलकावर जसे असेल तसेच लिहून घ्यावे. नाहीतर आपलेच स्थानक डोळ्यांदेखत मागे जावयाचे!

यादी नीट झाल्यावर मार्ग स्पष्ट दिसू लागला. फिलाखहून निघावयाचे. कारावांकेन पर्वताच्या पोटातून गेलेल्या ७,९७६ मीटर लांबीच्या बोगद्यातून स्लोव्हेनियात शिरावयाचे. बोगदा संपला की येसेनित्से हे सरहद्दीवरील स्थानक लागते. तेथे गाडी बदलावयाची. पुढे ब्लेद सरोवर, बोहिन्यस्का बिस्त्रित्सा हे गाव, मग ६,३२७ मीटरांचा दुसरा लांब बोगदा, त्याच्या तोंडाशी पोदबर्दो, त्यानंतर हिरव्यागार पाण्याच्या सोचा नदीचे खोरे आणि शेवटी नोव्हा गोरित्सा. येसेनित्सेपासून नोव्हा गोरित्सापर्यंतचे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे आणि त्यास सुमारे दोन तास लागतात.

“पण येसेनित्सेला गाडी का बदलावयाची? रूळ तर एकच आहेत ना?” एका मुलीने विचारले.

प्रश्न चांगला होता. रुळांमधील अंतर तिन्ही देशांत सारखेच, म्हणजे १,४३५ मिलिमीटर आहे. भारतातील रुंदमार्गाचे अंतर १,६७६ मिलिमीटर असते, त्याहून ते कमी. तेव्हा चाके अडत नाहीत. अडते ती वीज. ऑस्ट्रियातील तारांतून १५,००० व्होल्ट दाबाची प्रत्यावर्ती वीज वाहते, तर स्लोव्हेनियातील व इटलीतील तारांतून ३,००० व्होल्ट दाबाची एकदिश वीज. एका देशाचे साधे इंजिन दुसऱ्या देशाच्या तारेखाली चालू शकत नाही. म्हणून सरहद्दीच्या स्थानकावर इंजिने बदलतात, किंवा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे खास इंजिन लावावे लागते. येसेनित्सेहून नोव्हा गोरित्साकडे जाणाऱ्या डोंगरी मार्गावर तर विजेच्या ताराच नाहीत. तेथे डिझेलवर चालणारी गाडी असते. त्यामुळे उतारूंना तेथे उतरणे भागच पडते.

आता वेळापत्रकाची पाळी आली. युरोपातील बहुतेक देशांची रेल्वे वेळापत्रके दरवर्षी एकाच दिवशी, डिसेंबर महिन्याच्या मध्यास असणाऱ्या रविवारी, बदलतात. जून महिन्यातही काही फेरफार होतात. एका देशाने आपली गाडी दहा मिनिटे पुढे नेली आणि शेजाऱ्याने तशीच ठेवली, तर सरहद्दीवर उतारूंची ताटातूट व्हावयाची. म्हणून सर्वांनी मिळून एकच दिवस ठरविला आहे. गेल्या वर्षीचे वेळापत्रक कितीही जपून ठेवले असले, तरी ते रद्दीच्या मोलाचे. वेळापत्रकात बारीक खुणाही असतात. मध्य युरोपातील अनेक वेळापत्रकांत एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन हातोड्यांचे चित्र असते. त्या चित्राची गाडी फक्त कामाच्या दिवशी धावते. ती खूण न पाहता कोणी रविवारी स्थानकावर गेला, तर त्याला रिकामे फलाट पाहूनच परतावे लागेल. सणाचे दिवसही प्रत्येक देशाचे निराळे. ऑस्ट्रियातील शाळेला सुटी असली, तरी स्लोव्हेनियात तो कामाचा दिवस असू शकतो. शिवाय मार्गाची दुरुस्ती चालू असेल, तर मधल्या एखाद्या टप्प्यावर गाडीऐवजी मोटारबस धावते आणि तिला अधिक वेळ लागतो. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात सर्व वेळा पुन्हा एकदा ताडून पाहाव्यात, असे मुलांनी कागदाच्या माथ्यावरच लिहून ठेवले.

मुलांनी मग पहिला तक्ता केला. येथे हिशेब समजण्यापुरतेच काही आकडे घेऊ. फिलाखहून गाडी ६ वाजून ४० मिनिटांनी सुटते आणि ७ वाजून २० मिनिटांनी येसेनित्सेला पोचते. तेथून डोंगरी गाडी साडेसातला निघते. मध्ये दहा मिनिटे. “किती छान जुळले!” असे म्हणून मुलांनी टाळ्या वाजविल्या.

बाईंनी शांतपणे विचारले, “आणि पहिली गाडी पंधरा मिनिटे उशिरा पोचली तर?”

मुलांनी वेळापत्रकाचे पान पुन्हा उघडले. डोंगरी मार्गावर दिवसातून मोजक्याच गाड्या जातात. साडेसातची चुकली, तर पुढच्या गाडीसाठी कित्येक तास थांबावे लागणार. पुढची गाडी उशिरा पोचणार. तिला जोडून असलेली इटलीतील गाडी निघून जाणार. एक मणी निसटला, की सारी माळ ओघळते, तसेच हे. आणि दुसऱ्या देशाची गाडी आपल्यासाठी थांबेलच असा भरवसा धरता येत नाही.

“मग आधीची गाडी पाहू या,” एक मुलगी म्हणाली. आधीची गाडी ६ वाजून १० मिनिटांची निघाली. ती ६ वाजून ५० मिनिटांनी येसेनित्सेला पोचते. आता हाताशी चाळीस मिनिटे राहिली. पहाटे लवकर उठावे लागणार म्हणून दोन-चार तोंडे आंबट झाली खरी. परंतु दहा मिनिटांची जोखीम आणि अर्ध्या तासाची झोप यांत कोणती गोष्ट मोलाची, हे सर्वांस पटले. एका नियमाची नोंद झाली: जेथे पुढची गाडी लवकर मिळणार नाही, तेथे हाताशी वेळ अधिक ठेवावा, जेथे दर तासाला गाडी आहे, तेथे थोडा कमी चालेल.

साडेसातची गाडी साडेनऊला नोव्हा गोरित्साला पोचते. येथवर तक्ता सरळ झाला. परंतु पुढच्या ओळीवर सर्वांची बोटे अडली. नोव्हा गोरित्साच्या स्थानकावरून त्रिएस्तेस जाणारी गाडी त्यांना काही सापडेना. त्रिएस्तेची गाडी सुटते ती गोरित्सिया गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, इटलीतील स्थानकावरून. दोन स्थानकांत सुमारे तीन किलोमीटरांचे अंतर. त्यासाठी शहरातील बस पाहावी, नाहीतर पाऊण तास पायी चालावे. गोरित्सियाहून साडेदहाची गाडी धरली, तर तासाभराने समुद्र!

“एवढे डोंगर फोडून बोगदे खणले आणि शेवटची तीन किलोमीटर तशीच सोडली! हा कसला कारभार?” तो पहिला मुलगा चिडून म्हणाला. “आपला एक तास फुकट जाणार.”

तेव्हा बाईंनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली, तीवर गावांची नावे लिहिली आणि त्या मार्गाची हकीकत सांगितली.

व्हिएन्ना शहरापासून त्रिएस्ते बंदरापर्यंतचा पहिला लोहमार्ग १८५७ साली पुरा झाला. पुढे व्यापार वाढला, आणि बंदराकडे जाणारी दुसरी वाट हवी, असे वाटू लागले. त्यासाठी कारावांकेन व बोहिन्य येथील डोंगर पोखरण्यात आले. जुलै १९०६ मध्ये येसेनित्सेपासून त्रिएस्तेपर्यंतचा मार्ग खुला झाला, आणि त्याच वर्षी कारावांकेनचा बोगदाही वाहतुकीस तयार झाला. सोल्कान येथे सोचा नदीवर बांधलेल्या पुलाची दगडी कमान ८५ मीटर रुंद आहे. दगडी कमानीच्या रेल्वेपुलांत एवढी मोठी कमान जगात दुसरी नाही. त्या काळी फिलाख, येसेनित्से, गोरित्सिया आणि त्रिएस्ते ही सर्व गावे एकाच साम्राज्यात, ऑस्ट्रिया-हंगेरीत, होती. उतारू फिलाखला गाडीत बसे आणि त्रिएस्तेला समुद्राजवळ उतरे. वाटेत सीमा अशी नव्हतीच.

पुढे पहिले महायुद्ध पेटले. १९१५ ते १९१७ या काळात सोचा नदीच्या काठी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा मोठ्या लढाया झाल्या. ऑगस्ट १९१६ मध्ये माघार घेणाऱ्या ऑस्ट्रियन सैन्याने सोल्कानची ती कमान सुरुंग लावून उडविली. १९१८ साली साम्राज्य कोसळले. १९२० साली रापालो येथे झालेल्या तहाने नवी सीमा आखली, ती नेमकी बोहिन्यच्या बोगद्यावरील डोंगरातून गेली. बोगद्याचे एक तोंड पुढे युगोस्लाव्हिया म्हणून ओळखल्या गेलेल्या देशात, तर दुसरे इटलीत! गाडी अंधारात शिरे एका देशात आणि उजेडात येई दुसऱ्या देशात. सोल्कानची कमान इटलीने पुन्हा दगडात बांधून काढली; १९२७ साली ती पुरी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा पुन्हा हलली. १९४७ च्या शांतता-तहाने ती पश्चिमेकडे सरकली आणि गोरित्सिया गावाच्या कडेने गेली. गाव इटलीत राहिले. परंतु १९०६ साली बांधलेले त्याचे सुंदर रेल्वे स्थानक पलीकडे, युगोस्लाव्हियात, गेले. स्थानकासमोरच्या चौकातून कुंपण उभे राहिले. घरांची अंगणे आणि शेते दुभंगली. जवळच्या मिरेन गावात तर सीमा दफनभूमीतून गेली. एकाच गावातील आप्त एकमेकांस परदेशी झाले. गाव हातचे गेले म्हणून युगोस्लाव्हियाने १९४८ पासून स्थानकाच्या आपल्या बाजूस नवे नगर उभारावयास घेतले. तेच नोव्हा गोरित्सा. म्हणजे सामान्यतः आधी गाव असते आणि मग त्याला स्थानक मिळते. येथे आधी स्थानक होते आणि मग त्याला गाव मिळाले.

ऑगस्ट १९५० मधील एका रविवारी पलीकडचे हजारो लोक सीमेपाशी जमले आणि पहाऱ्याला न जुमानता गोरित्सियात शिरले. कोणी दुरावलेल्या नातलगांना मिठी मारली. कोणी दुकानांतून गरजेच्या वस्तू घेतल्या. त्या काळी युगोस्लाव्हियात साध्या केरसुण्यांचीही टंचाई होती. संध्याकाळी परतणाऱ्या कितीतरी जणांच्या खांद्यावर नव्या केरसुण्या होत्या! तो दिवस तेथे आजही ‘केरसुण्यांचा रविवार’ म्हणून सांगितला जातो. पुढे निर्बंध हळूहळू सैल होत गेले. १९९१ साली स्लोव्हेनिया हा स्वतंत्र देश झाला. २००४ साली तो युरोपीय संघात सामील झाला, आणि त्याच वर्षी स्थानकासमोरच्या चौकातील कुंपण काढून टाकण्यात आले. डिसेंबर २००७ मध्ये सीमेवरील नित्याची तपासणी थांबली. २०२५ साली नोव्हा गोरित्सा आणि गोरित्सिया या दोन्ही गावांना मिळून ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ हा मान देण्यात आला.

हकीकत संपली, तेव्हा वर्गात शांतता पसरली होती. फळ्यावरील ती लांब रेघ तशीच सरळ होती. मात्र तिच्यावर बाईंनी सीमेसाठी काढलेल्या उभ्या खुणा ठिकठिकाणी उमटल्या होत्या. १९२० ची खूण एके ठिकाणी, १९४७ ची दुसऱ्याच ठिकाणी. रूळ जागचे हलले नव्हते. हलत राहिल्या त्या सीमा.

मुले पुन्हा तक्त्याकडे वळली. तिकिटांचा प्रश्न अजून उरला होता. तीन देशांच्या तीन रेल्वे, आणि प्रत्येकीची रीत वेगळी. ऑस्ट्रियात प्रादेशिक गाडीत चढण्यापूर्वीच तिकीट घ्यावयाचे. स्लोव्हेनियातील ज्या लहान स्थानकांवर तिकीट-खिडकी नाही, तेथे ते गाडीतील तपासनिसाकडून मिळते. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट नुसते जवळ असून भागत नाही; चढण्यापूर्वी फलाटाजवळील यंत्रात घालून त्यावर दिनांक व वेळ यांचा ठसा उमटवावा लागतो. तिकिटाचे पैसे देऊनही केवळ ठसा राहिला म्हणून दंड भरणारे प्रवासी काही कमी नाहीत. पैशाची अडचण मात्र नाही. तिन्ही देशांत युरो हेच नाणे चालते. स्लोव्हेनियाने ते २००७ साली स्वीकारले. घड्याळही तिन्ही देशांत एकच आहे.

“आता सीमेवर तपासणी नाही, म्हणजे पासपोर्ट घरी ठेवला तरी चालेल,” एकाने सुचविले. परंतु हे खरे नव्हे. नित्याची तपासणी थांबली असली, तरी देशांना ती तात्पुरती पुन्हा सुरू करता येते. ऑस्ट्रियाने २०१५ पासून आणि इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर अशी तपासणी वेळोवेळी केली आहे. म्हणून प्रत्येकाने आपला पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ बाळगावे, असे ठरले. ज्या मुलांची कुटुंबे युरोपीय संघाबाहेरील देशांतून आली होती, त्यांनी पासपोर्टबरोबर ऑस्ट्रियातील वास्तव्याचा परवानाही घ्यावयाचा, हेही कागदावर चढले.

परतीचा विचार तर सर्वांत आधी करावयास हवा होता, हे मुलांना उशिरा सुचले. शेवटची गाडी केव्हा आहे हे ठाऊक नसता पहिल्या गाडीत बसणे म्हणजे दोर न बांधता विहिरीत उतरणे. त्रिएस्तेत एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी निराळ्या वाटेने परतावे, असे ठरले. ती वाट इटलीतून उदिने व तार्विसियो या गावांवरून सरळ फिलाखला येते. उदिने आणि फिलाख यांच्या दरम्यान २०१२ पासून सीमापार प्रादेशिक गाडी सुरू झाली. तिच्या फेऱ्या थोड्या आहेत. म्हणून तिची वेळ तक्त्यात लाल शाईने लिहिली, आणि त्रिएस्तेहून निघण्याची वेळ तिच्यावरून उलट मोजून काढली. कागदाच्या पाठीमागे दुसरा तक्ता केला. प्रत्येक बदलाच्या ठिकाणी गाडी चुकलीच, तर पुढची कोणती, हे त्यात होते. तो तक्ता वापरण्याची वेळ येऊ नये, परंतु जवळ मात्र असावा.

आता सगळे जुळले होते. मुलांनी शेवटचा तक्ता स्वच्छ अक्षरात लिहून बाईंच्या हाती दिला. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत तपासला आणि एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. नोव्हा गोरित्साला आगमन साडेनऊला; गोरित्सियाहून प्रस्थान मात्र साडेदहाऐवजी साडेअकराला लिहिलेले होते.

“येथे चूक झालेली दिसते,” बाई म्हणाल्या. “एक तास जास्त आहे. समुद्र तासभर उशिरा दिसेल.”

“चूक नाही, बाई,” तोच मुलगा उठून म्हणाला. ‘एक तास फुकट’ म्हणणारा तोच. “स्थानकाच्या इमारतीत सीमेविषयीचे एक लहान संग्रहालय आहे, ते पाहावयाचे आहे. मग त्या चौकात थोडे थांबावयाचे आहे. आणि तेथून बसने नाही, चालत जावयाचे आहे.”

बाईंनी काही न बोलता लेखणी उचलली आणि तक्त्याखाली सही केली.

अभ्यास

१. एका वाक्यात उत्तरे लिहा:
(अ) त्रिएस्ते बंदर कोणत्या समुद्राच्या काठी आहे?
(आ) येसेनित्से येथे गाडी का बदलावी लागते?
(इ) सोल्कानच्या पुलाचे वैशिष्ट्य कोणते?
(ई) इटलीतील प्रादेशिक गाडीत चढण्यापूर्वी कागदी तिकिटाचे काय करावे लागते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा:
(अ) दहा मिनिटांचे अंतर असलेली जोडगाडी मुलांनी का सोडून दिली?
(आ) ‘आधी स्थानक होते आणि मग त्याला गाव मिळाले’, असे कोणत्या गावाविषयी म्हटले आहे? का?
(इ) १९०६, १९२० आणि १९४७ या वर्षी येसेनित्से ते त्रिएस्ते हा मार्ग कोणकोणत्या देशांतून जात होता?

३. मुलाने शेवटच्या तक्त्यात एक तास का वाढविला असेल, ते आपल्या शब्दांत सात-आठ ओळींत लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा: रुकार देणे, ताटातूट होणे, न जुमानणे, ताडून पाहणे.

५. आपल्या गावाहून दोन गाड्या बदलून जावे लागेल असे एखादे ठिकाण निवडा. जाण्याचा व परतण्याचा तक्ता तयार करा. प्रत्येक बदलाच्या ठिकाणी गाडी चुकल्यास काय कराल, तेही लिहा.